आधी आम्ही चढतो

बातमीदार चार वाजता येणार होते, आणि दुपारचा एक वाजून गेला तरी जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या माणसांचं घोडं एकाच वाक्यावर अडलं होतं.

वाक्य तीन भावंडांतल्या धाकटीच्या हातातल्या कागदावर होतं. कारखान्याचं नाव सावरायला बोलावलेल्या सल्लागारांनी ते सकाळी गाडीत बसल्या बसल्या लिहून आणलं होतं, आणि त्यांच्या सगळ्या वाक्यांसारखं तेही गुळगुळीत होतं. ‘ही शिडी कारखान्याबाहेर पडण्यापूर्वी आमच्या घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती स्वतः तिच्यावर चढली होती, शिडीत कोणताही दोष नव्हता.’ सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती म्हणजे आत्या. ती टेबलाच्या टोकाला बसून दोन्ही तळव्यांनी गुडघे चोळत होती आणि बोलणं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं असावं तसं ऐकत होती.

“पुन्हा एकदा वाच,” दादा म्हणाला. वडिलांच्या मागे कारखाना त्याच्याकडे आला होता. थोरला म्हणून आला होता, आणि तो भारही थोरल्यासारखाच वाहत होता. पाच दिवस त्याने दाढी केली नव्हती.

“चार वेळा वाचलं, दादा. पाचव्यांदा वाचून ते खरं होणार आहे का?”

“आवाज बसायला पाहिजे तुझा. सकाळपासून कापतोय.”

आवाज कापत होता हे खरंच होतं. सकाळी कुणाला न सांगता धाकटी इस्पितळात जाऊन आली होती. तिथे तो रंगारी पडून होता. एका शाळेची भिंत रंगवताना बारा फुटी शिडीची वरून चौथी पायरी त्याच्या पायाखालून निखळली आणि तो फरशीवर आदळला. खुब्याचं हाड मोडलं. वर्तमानपत्रांनी त्याच्या मोडक्या हाडाचा नाही, शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीचा फोटो छापला, कारण त्या पायरीवर ‘३’ हा आकडा ठोकलेला होता आणि शहरातल्या शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ माहीत होता. तो सगळ्यांना माहीत करून देण्यासाठी धाकटीनेच दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं.

आजोबा लाकडी शिड्या करायचे तेव्हापासूनचा या घराचा नियम होता. घरातलं माणूस टोकापर्यंत चढून उतरल्याशिवाय शिडी फाटकाबाहेर जायची नाही. जो चढेल त्याने आपल्या आकड्याचा पंच, म्हणजे पोलादी ठसा, वरच्या पायरीवर ठोकायचा. आजोबा एक, वडील दोन, आत्या तीन. आत्याने लग्न केलं नाही, चाळीस वर्षं शिड्या चढली. धाकटी लहानपणी शाळेतून आली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून बाकावर बसायची आणि आत्याला बघायची. आत्या प्रत्येक पायरीवर क्षणभर थांबून मान तिरपी करायची. पायरी सैल असेल तर माणसाच्या वजनाखाली बारीक करकरते, ते तिला ऐकू यायचं. अशी शिडी ती बोटाने नुसती बाजूला दाखवायची आणि पुढची घ्यायची.

पुढे धाकटी दुसऱ्या शहरात गेली, अकरा वर्षं लोकांच्या कंपन्यांची नावं चांगली करण्याच्या धंद्यात राहिली. दोन वर्षांपूर्वी दादाने तिला परत बोलावलं, फाटकाजवळची काचेची खोली दिली आणि सांगितलं, आता आपलं नाव चांगलं कर. तिने लहानपणीची ती संध्याकाळ उचलली आणि तीन शब्द लिहिले. ‘आधी आम्ही चढतो.’ फलकावर, खोक्यांवर, ट्रकच्या पाठीवर ते शब्द गेले, आणि सोबत शिडीच्या टोकावर हात सोडून हसणारी पांढऱ्या केसांची आत्या.

“मी आज रंगाऱ्याला भेटून आले,” धाकटी म्हणाली.

दादाचा चमचा ताटावर वाजला. “कुणाला विचारून?”

“नाही विचारलं. तो म्हणाला, ताई, माझी जुनी शिडी बरी होती. तुमच्या घरातलं माणूस आधी चढतं असं वाचलं म्हणून ती भावाला देऊन टाकली आणि तुमची घेतली. मग त्याने विचारलं, त्या बाई खरंच चढल्या होत्या का हो माझ्या शिडीवर?”

“तू काय सांगितलंस?”

“आत्याचे गुडघे गेलेत हे मला माहीत आहे, दादा. मी सांगितलं, त्या नाही, पण माझा मधला भाऊ चढला असणार.” ती वळली. “नाना, चढला होतास ना?”

नाना म्हणजे मधला. मागच्या शेडचा सगळा कारभार त्याचा. बोलायला कमी, हाताने हुशार. तो ताटाकडे बघत राहिला. आत्याने गुडघे चोळायचे थांबवले.

“नवा प्रेस आल्यापासून जमत नाही,” नाना शेवटी म्हणाला. “दिवसाला तीनशे शिड्या निघतात. एकेकीवर चढत बसलो तर माल कधी जायचा?”

“दीड वर्ष कोणीच चढलं नाही?”

“तुझी जाहिरात लागली आणि मागणी चौपट झाली. म्हणून तर नवा प्रेस घेतला. अ‍ॅल्युमिनियमच्या पायरीची पोकळ टोकं पूर्वी हाताने फुलवून दांड्यात बसवायचो, आता प्रेस फुलवतो. शंभरात एखादी कमी फुलते. बघून कळत नाही. चढलं तरच कळतं.”

धाकटीने दादाकडे पाहिलं, मग वहिनीकडे. दोघांच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. म्हणजे यांना ठाऊक होतं. दीड वर्ष ती काचेच्या खोलीत बसून चढण्याच्या गोष्टी रंगवून सांगत होती आणि सारे मूग गिळून बसले होते. तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचा तिला आणखी राग आला.

“मला कोणी का नाही सांगितलं?”

“तू इतकी खूश होतीस,” वहिनी हळूच म्हणाली. “आम्हाला वाटलं, नाना सांगतील.”

“मला वाटलं दादा सांगेल,” नाना म्हणाला.

“आणि मला वाटलं, जाहिरात आहे, जाहिरातीत कोण एवढं शब्दशः घेतं!” दादा म्हणाला.

आत्या मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडली होती. “मग माझा आकडा कोण ठोकतंय?”

नानाने मान खाली घातली. गुडघ्यांमुळे आत्या चढायची थांबली तेव्हा त्याच्यासाठी चारचा पंच करायचं ठरलं होतं. त्याच महिन्यात वडील गेले आणि ते राहून गेलं. पॅकिंगच्या तक्त्यावर ‘ठसा’ असा रकाना होता. तो भरल्याशिवाय शिडी गाडीत चढवायची नाही अशी शिस्त वडिलांनीच घातलेली. मग तिथली माणसं हाताशी होता तो पंच ठोकू लागली आणि ठोकत राहिली. चढणं बंद झालं तरी शिस्त कोणी मोडली नाही.

आत्या एवढंच म्हणाली, “माझा.”

सल्लागार इतका वेळ वहीत टिपणं काढत होते. आता त्यांनी घसा साफ केला. “आपण असं म्हणूया. मशीनचा विषय काढायचाच नाही. मशीन म्हटलं की लोक घाबरतात, आजी म्हटलं की विरघळतात. आजी पहिल्या रांगेत बसतील आणि एकच वाक्य बोलतील, मी चढले होते. मग शिडी ओल्या फरशीवर लावली होती का, हा प्रश्न आपण न विचारता बातमीदारच विचारतील.”

“म्हणजे रंगाऱ्यावर ढकलायचं,” धाकटी म्हणाली.

“ढकलायचं नाही. तिकडे बघायला लावायचं.”

“आणि उद्या दुसरी पायरी निखळली तर? मग सगळे म्हणतील, म्हातारीला सैल पायरी कळली नाही. चाळीस वर्षांत हिने एक वाईट शिडी सोडलेली नाही, सर!”

“सोडली म्हणू देत,” आत्या म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“शंभर-सव्वाशे घरं चालतात या कारखान्यावर. भावाने मरताना माझा हात धरून सांगितलं होतं, पोरांना सांभाळ. माझं नाव घेऊन मी काय करणार आहे? बोलेन मी. एकच तर वाक्य आहे.” ती दादाकडे वळली. “काळजी करू नकोस रे. आणि आधी ती दाढी कर.”

दादा हसायला गेला आणि त्याचा चेहरा रडल्यासारखा झाला. तो उठून आत्याच्या खुर्चीमागे उभा राहिला, तिच्या खांद्यावर हात ठेवला. नानाने सुटकेचा श्वास टाकला. टेबलाशी पाहता पाहता दोन बाजू झाल्या, आणि एका बाजूला धाकटी एकटीच उरली. तिलाही मोह झाला. वाक्य आत्याचं, जबाबदारी आत्याची, आणि स्वतः होऊन पुढे आलेली आत्या. आपण नुसता माइक पुढे करायचा. अकरा वर्षं असे माइक तिने किती जणांपुढे केले होते.

ती उठून ओसरीत गेली. सल्लागार मागोमाग आले. धंद्याची मुळाक्षरं तिने त्यांच्याच हाताखाली गिरवली होती.

“भावनेच्या भरात काही करू नकोस,” ते म्हणाले. “तुला मी शिकवलंय.”

“सर, आपण किती कंपन्यांना असं सावरलं? आणि त्यांतल्या किती सावरल्या?”

“मालक आपल्याला खरं सांगत नाहीत. शेवटच्या क्षणी बोलावतात आणि रंग लावा म्हणतात. फसलं की आपल्या नावाने बोटं मोडतात.”

“आपण कधी विचारलं? मी दोन वर्षांत एकदाही मागच्या शेडमध्ये गेले नाही. फोटो काढायला गेले तेवढीच. नानाने आत्याचे पाय धरले होते आणि मी त्याला म्हटलं, तू बाजूला हो, फोटोत येतोस.” ती थांबली. “ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, सर.”

सल्लागारांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. त्यांनाही कुठली तरी जुनी कंपनी आठवली असावी.

ती परत आली तेव्हा वहिनी ताटं उचलत होती. ताटांची चळत हातात धरूनच ती नानाला म्हणाली, “भाऊजी, एक विचारू? आपल्या माळ्याला लावलेली शिडी कधीची? काल आपली छोटी त्यावर चढून पडदे काढत होती.”

“कुठली, आठ फुटी?” नाना ताडकन म्हणाला. “मागच्या वर्षीची ती. नको चढू देऊस तिला. आजच काढून ठेव.”

बोलून गेल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं. वहिनीने ताटं टेबलावर परत ठेवली. आयुष्यात तिने दादाच्या शब्दापुढे शब्द टाकलेला नव्हता. दादा म्हणेल ती पूर्व, असा तिचा संसार. ती दादासमोर उभी राहिली.

“आपल्या पोरीला चढू द्यायचं नाही, आणि लोकांना मात्र शिडी निर्दोष म्हणून सांगायचं?”

“तू आत जा,” दादा म्हणाला.

“जाते. शिडी काढते आधी,” वहिनी म्हणाली आणि खरंच गेली. आतून माळ्याची शिडी फरशीवर आडवी केल्याचा आवाज आला.

दादा खाली बसला. “सगळ्या शिड्या परत घ्यायच्या म्हणजे कारखाना बसला. साठ वर्षांचं नाव बसलं. तुला कळतंय का?”

“कळतंय,” धाकटी म्हणाली. “पण दादा, आज चार वाजता शहरातले सगळे कॅमेरे आपल्या अंगणात येणार आहेत. आपण बोलावलंय म्हणून. घराघरांत आज जितका आपला आवाज पोचेल तितका पुन्हा कधी पोचणार नाही. उद्या सकाळी कुणीतरी शिडी लावणारच आहे भिंतीला.”

“मी परवानगी देणार नाही.”

“बरं,” ती म्हणाली. तो एक शब्द दादाला तिच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जड गेला.

चार वाजता कारखान्याच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. मागे भिंतभर तो फलक, त्यावर हसणारी आत्या. पहिल्या रांगेत खरी आत्या, स्वच्छ कपड्यांत, केस नीट विंचरून, ओठांशी आपलं एक वाक्य घोळवत बसलेली. दादा टेबलामागे धाकटीच्या शेजारी. त्याने दाढी केली होती आणि हनुवटीवर कापून घेतलं होतं. नाना शेडच्या दाराशी कामगारांच्या घोळक्यात उभा. धाकटीने कागद टेबलावर पालथा ठेवला तेव्हा दादाने तो पाहिला. माइक त्याच्या हाताच्या अंतरावर होता. त्याने हात उचलला, थोडा वेळ तसाच धरला आणि मांडीवर ठेवला.

“तुमच्या घरी आमची शिडी असेल,” धाकटी म्हणाली, “तर तिच्यावर चढू नका. गेल्या दीड वर्षात घेतलेल्या शिड्यांच्या पायऱ्या नीट बसल्या आहेत की नाहीत हे आम्हाला माहीत नाही. शिडी आडवी करून ठेवा. आमची माणसं येऊन घेऊन जातील. रंगारी दादांची काहीही चूक नव्हती. चूक आमची होती.”

अंगणात एकदम गलका झाला. पहिल्या रांगेतल्या एका चष्मेवाल्या बाईचा आवाज त्यातून वर आला. “मग ‘आधी आम्ही चढतो’ हे काय होतं?”

“ते मी लिहिलं. लहानपणी पाहिलं होतं. अजून तसं होतं का, ते मी कुणाला विचारलं नाही.”

“त्या शिडीवर कोणी चढलंच नव्हतं?”

“नाही.”

“आणि दीड वर्षापूर्वीच्या शिड्या? त्यांवर कोण चढलं?”

उत्तर धाकटीच्या तोंडाशी आलं होतं. माझा भाऊ. नानाच्या बोलण्यातून निघालेलं, सोपं, सगळ्यांना थोडंफार वाचवणारं उत्तर. पण ते तिने पाहिलेलं नव्हतं, गृहीत धरलेलं होतं. गृहीत धरण्यानेच तर घात केला होता. ती खुर्चीत वळली आणि शेडच्या दाराकडे बघून मोठ्याने म्हणाली, “नाना, त्यांच्यावर तू चढलास ना? प्रत्येक शिडीवर?”

सगळे कॅमेरे वळले. कामगार नानापासून नकळत पाऊलभर सरकले. दादा पुटपुटला, “बस कर, पुरे झालं,” पण त्याचीही नजर नानावरच होती.

“पंधरा दिवस,” नाना म्हणाला.

“काय?”

“आत्या थांबली त्यानंतर पंधरा दिवस चढलो. मग दहांतल्या एकीवर. मग बाबा गेले. मग…” त्याने हात हलवला. “नाही चढलो. मला वाटायचं, उद्यापासून चढू.”

दादाने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. हे त्यालाही माहीत नव्हतं. दीड वर्षाचं पाप त्याने जाणूनबुजून उचललं होतं, बाकीचं भावाने त्याच्या नकळत त्याच्या डोक्यावर ठेवलं होतं. त्याला भावाकडे रागाने बघायचं होतं, पण नाना उभ्या उभ्या लहान मुलासारखा रडत होता.

“म्हणजे नेमक्या किती वर्षांच्या शिड्या?” चष्मेवालीने विचारलं. तिचं पेन कागदावर थांबलेलं होतं. धाकटी बोटांवर वर्षं मोजू लागली.

आत्या उठली. उठायला तिला वेळ लागला. शेजारच्या माणसाने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. सल्लागारांनी मागून आशेने पाहिलं, कारण तिचं वाक्य अजून शिल्लक होतं.

“आठ,” आत्या म्हणाली. “आठ वर्षांच्या. मी थांबले तेव्हापासूनच्या. लिहून घ्या. वरच्या पायरीवर तीनचा आकडा असेल तर चढू नका.”

चष्मेवालीने लिहिता लिहिता मान वर केली. “पण आजी, त्याआधी चाळीस वर्षं तुम्ही खरंच चढत होतात ना? त्या शिड्यांवरही तीनच असेल.”

“असेल.”

“मग त्या तर चांगल्या आहेत.”

“एकूण एक चांगल्या आहेत,” आत्या म्हणाली. “पण लोकांनी ओळखायच्या कशा? त्यांच्यावरही नका चढू.”